अर्धं चित्र कुठं ठेवायचं?

गेल्या अंकात मी माझ्या कुर्ल्याच्या गाळ्याचा, म्हणजे चित्रं काढायच्या जागेचा, ओझरता उल्लेख केला होता. त्यावर या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं जागेबद्दलचीच आहेत. रंग कुठले घ्यावेत, प्रदर्शनाला दालन कसं मिळतं, हे नेहमीचे प्रश्न या वेळी बाजूला ठेवते. पत्रं जागेअभावी थोडी छाटली आहेत आणि नावं दिलेली नाहीत. प्रत्येक पत्राखाली माझं उत्तर आहे.

ताई, मी डोंबिवलीत राहते, वय ३८. खासगी शाळेत चित्रकला शिकवते. वन बीएचकेमध्ये आम्ही चौघं: मी, नवरा, नववीतला मुलगा आणि सासूबाई. रात्री साडेदहाला जेवणाचं टेबल मोकळं होतं, तेव्हा मी चित्राला बसते. पहाटे पाचला डब्यांसाठी तेच टेबल लागतं. गेल्या वर्षी माझी ३८ हजारांची चित्रं विकली गेली. आता नवऱ्याच्या मित्राची जुन्या चाळीतली एक खोली ४,५०० रुपये भाड्यानं मिळते आहे, घरापासून दहा मिनिटांवर. नवरा म्हणतो, "बघ तूच." सासूबाई म्हणतात, "घर असताना खोली कशाला?" मलाही अपराधी वाटतं. वर्षाला ५४ हजार भाडं आणि कमाई ३८ हजार. हा वेडेपणा आहे का?

तुम्ही हिशेब मांडलात ते बरं केलंत. पण त्यात एक रकाना राहिला. साडेदहाला टेबल मोकळं झाल्यावर पहिला ब्रश कागदाला किती वाजता लागतो? आणि झोपायच्या आधी सगळं आवरायला किती वेळ जातो? आठवडाभर घड्याळ लावून लिहून ठेवा. मी गिरगावात दोन खोल्यांत राहत होते तेव्हा लिहिलं होतं. मांडायला पंचवीस मिनिटं, आवरायला वीस. तैलरंगाचं ओलं चित्र असेल तर आणखी दहा, कारण ते कपाटावर चढवायचं, तिथून मुलाचा चेंडू लागणार नाही असं ठेवायचं, आणि वर पंखा फिरत असेल तर धूळ बसू नये म्हणून पंखा बंद करून सगळ्यांच्या शिव्या खायच्या. दीड तासाच्या बैठकीतली पंचावन्न मिनिटं मी हमाली करत होते.

तरी वेळ हा खरा तोटा नव्हता. खरा तोटा मला पुढं कळला. आणि कळला तेव्हा लक्षात आलं की हे तर मी लहानपणीच पाहिलेलं होतं.

माझं माहेर आचऱ्याकडचं. आजोबांची गणपतीची शाळा होती. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे गणपती जिथं घडवतात त्या जागेला शाळा म्हणतात, कुठं कुठं चित्रशाळा. स्टुडिओ हा शब्द मी पुढं जे.जे. कला महाविद्यालयात ऐकला, पण वस्तू घरात होती. आषाढ लागला की लोक आपापले पाट आणून द्यायचे, पाटामागं खडूनं घराचं नाव. आजोबा पडवी रिकामी करायचे. त्या दिवसापासून चतुर्थीपर्यंत पडवी घराची नसायची. आम्ही सगळे मागीलदारानं ये-जा करायचो. भातलावणीचे दिवस, घरात माणसं, ओली इरली, सुकत न सुकणारे कपडे, जागेची अशी मारामार, आणि घरातली सगळ्यात मोठी, हवेशीर जागा साठ-सत्तर अर्धवट गणपतींनी अडवलेली. कुणाला सोंड नाही, कुणाला हात नाही. आजीनं कधी "जरा सरकवा हो ते" म्हटलेलं मला आठवत नाही. कुणी पोर जवळ गेलं की आजोबा न बघताच म्हणायचे, "हात लावू नको गो, वलो आसा अजून."

आजोबा सकाळी उठून चहा घेत पडवीच्या पायरीवर बसायचे. काम सुरू करायचे नाहीत, नुसते बघायचे. मग अचानक उठून मागच्या रांगेतल्या एखाद्या मूर्तीच्या खांद्यावरची माती अंगठ्यानं काढायचे. कालपासून तो खांदा त्यांच्या डोळ्यांत सलत असणार. मूर्ती समोर उभी होती म्हणून सलला.

तुमच्या टेबलावर हे होत नाही. तुमचं चित्र रोज रात्री गुंडाळलं जातं आणि दुसऱ्या रात्री उघडतं. मधले वीस तास ते तुम्हाला दिसतच नाही. चहा ढवळताना, फोनवर बोलताना, केस विंचरताना सहज नजर जाऊन "अरे, ही निळी छटा जड झालीय" असं जे वाटतं ना, त्याला जागा लागते. म्हणजे चित्र अर्धं असताना अर्धंच ठेवून दार ओढून घेता येईल अशी जागा. माझ्या मते भाडं याचंच असतं. उजेड, क्षेत्रफळ, भिंती हे सगळं त्याच्या मागून येतं.

आता तुम्हाला थोडं घाबरवते. १९९३ साली मी कुर्ल्यात गाळ्यात हिस्सा घेतला. त्याआधीच्या वर्षी गिरगावच्या टेबलावर माझी सात चित्रं पूर्ण झाली होती. गाळ्यातल्या पहिल्या वर्षी चार. चार! मी रोज जायची, झाडू मारायची, ब्रश धुवायची, खिडकीतून समोरच्या लेथ मशीनवाल्याकडं बघायची. घरी असताना "जागा नाही" ही सबब होती, ती गेली, आणि मी उघडी पडले. एकदा तर दुपारभर नुसती बाटल्यांना लेबलं लावत बसले होते. दुसऱ्या वर्षी एकोणीस चित्रं झाली. त्यातली सहा मी फाडली, पण ती फाडण्याइतकी पुरी झाली होती. तेव्हा पहिल्या वर्षी कमाई घसरली तर खोली सोडू नका. अकरा महिन्यांत निकाल लागत नाही. जमलं तर दोन वर्षांचं भाडं मनात धरूनच पाऊल टाका. म्हणजे १,०८,००० रुपये. ही रक्कम घरातून विनाभांडण निघणार असेल तर घ्या. कर्ज काढून घेऊ नका. डोक्यावर हप्ता असला की माणूस विकलं जाईल तेच काढतो. हा माझा अनुभव आहे, आणि तो फारसा अभिमानाचा नाही.

खोली बघायला जाल तेव्हा उजेड सगळ्यात शेवटी बघा. आधी संडास बघा. चाळीतला सार्वजनिक संडास किती लांब, आतून कडी लागते का, रात्री दिवा असतो का. बायकांना हे कुणी सांगत नाही. मी पहिली दोन वर्षं गाळ्यात पाणी कमी प्यायचे, त्याचं मूत्रपिंडानं पुढं व्याजासकट वसूल केलं. मग विजेचा मीटर वेगळा आहे का ते विचारा. पाण्याचा नळ आत की बाहेर ते बघा. आणि शेजारी कोण आहे? तुम्ही संध्याकाळी सातनंतर एकट्या बसणार असाल तर शेजारी एखादं बिऱ्हाड असलेलं बरं, नुसतं गोडाऊन नको.

मित्राची खोली आहे म्हणून तोंडी व्यवहार करू नका. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्यानं, तो १९९९ चा, लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. माझ्या पहिल्या घरमालकांनी "आपण घरचेच" म्हणून कागद केला नाही, आणि एका दिवाळीच्या आधी आठ दिवसांत गाळा मोकळा करायला सांगितला. सहा फुटी ओली चित्रं टेम्पोत घालून मी बहिणीच्या गच्चीवर नेली. तेव्हा कागद करा. मैत्री टिकते त्यानं.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांचा प्रश्न वाईट नाही. त्यांना वाटतं खोली म्हणजे घरापासून लांब जाणं. माझ्या सासूबाई चार महिने माझ्याशी त्या विषयावर बोलल्या नाहीत. एकदा मी त्यांना गाळ्यावर नेलं, कारण डॉक्टरकडून येताना तो वाटेत होता. त्या स्टुलावर बसल्या, चारी भिंतींना टेकवलेली अर्धी चित्रं बघितली आणि म्हणाल्या, "हे सगळं तू पलंगाखाली ठेवत होतीस?" त्या दिवसापासून शेजारणींना "सून कामावर गेलीय" असं सांगायला लागल्या. आधी "चित्रं काढत बसते" म्हणायच्या. टेबलावर बसलेल्या बाईला कुणीही हाक मारतं, कुकरची शिट्टी मोजायला सांगतं. चप्पल घालून बाहेर पडलेल्या बाईला निदान फोन करावा लागतो. अपराधीपणाचं म्हणाल तर तो जात नाही. मी त्याला बाहेर चपलांपाशी ठेवायचे, निघताना परत सोबत यायचा.

आमच्या मुलानं नुकतीच कलेची पदवी, बीएफए, घेतली. सांगलीत आमचं घर आहे. गच्चीवर पत्र्याची शेड, बारा बाय पंधरा. ती त्याला स्टुडिओ म्हणून द्यावी असं आम्हा दोघांना वाटतं. तो म्हणतो, उत्तरेचा प्रकाश पाहिजे, म्हणून उत्तरेची भिंत पाडून मोठी काच बसवा. काय करावं?

आधी तुमच्यासारखे वडील किती जणांना असतात ते त्याला सांगा. मग भिंत पाडायचं थांबवा.

उत्तरेचा प्रकाश हा सल्ला युरोपातल्या पुस्तकांतून आपल्याकडं आला. तिथं सूर्य कधीच माथ्याच्या उत्तरेला जात नाही. सांगलीत तो जातो. साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारीही सूर्य थोडा उत्तरेकडं असतो, आणि उन्हाळाभर सकाळ-संध्याकाळची तिरपी उन्हं उत्तरेच्या खिडकीतून थेट आत येतात. वर्षातले बाकीचे महिने उत्तरेचा उजेड सुंदर, शांत असतो, यात वाद नाही. पण मे महिन्यात त्या मोठ्या काचेमागं पत्र्याखाली बसून दाखवा म्हणावं. मध्यम खिडकी करा, वर दीड-दोन फुटांचं छज्जं काढा, आणि आतून पांढरं सुती कापड सरकवता येईल असं लावा. रात्रीसाठी दिवा घेताना वॉटपेक्षा सीआरआय बघा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा. नव्वदच्या वर असला पाहिजे, नाहीतर रात्री लावलेला लाल सकाळी विटकरी दिसतो.

पहिला खर्च छपरावर करा. पत्र्याखाली उष्णता अडवणारा जाड थर, वर पांढरा रंग, आणि समोरासमोर दोन झरोके. तो तैलरंगात काम करत असेल तर टर्पेंटाइनची वाफ बाहेर गेलीच पाहिजे, आणि त्या खोलीत त्यानं झोपू नये. अगदी गादी टाकूच नका, पोरं रात्री तिथंच आडवी होतात. आणखी एक, हे हसण्यावारी नेऊ नका: जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेटतात. काडी लागत नाही. झाकणाचा पत्र्याचा डबा, त्यात पाणी, त्यात चिंध्या. पत्र्याची शेड, मे महिना आणि चिंध्यांचा ढीग एकत्र आलं तर मग चित्रं राहत नाहीत.

जिना मोजा. मी एकदा सहा बाय आठ फुटांचं चित्र गाळ्यात पूर्ण केलं आणि ते जिन्यावरून उतरेना. शेवटी चौकटीचे खिळे काढून, रंग बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळलं, तरी एका कोपऱ्याला तडा गेलाच. गच्चीच्या दाराची आणि जिन्याच्या वळणाची मापं भिंतीवर लिहून ठेवायला सांगा.

मी निवृत्त बँक अधिकारी, नागपूर. चित्रं काढत नाही, बघतो मात्र पुष्कळ. तुमच्या पिढीनं आणि विशेषतः पुढच्या पिढीनं हे स्टुडिओचं स्तोम माजवलं आहे. इटलीचा जॉर्जो मोरांडी झोपायच्या खोलीत चित्रं काढत होता. बेल्जियमचा रने माग्रित जेवणघरात. प्रतिभेला चार भिंती लागतात हे मला पटत नाही. आजकालच्या मुलांना स्टुडिओ फोटो काढण्यापुरता हवा असतो.

शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे, ते सोडून देते. उदाहरणं मात्र तुम्ही छान निवडलीत, म्हणून त्यांच्याबद्दलच बोलू.

मोरांडी बोलोन्यात आपल्या तीन बहिणींबरोबर राहत असे. लग्न केलं नाही. पलंग, इझल आणि बाटल्या एकाच खोलीत, हे खरंच. पण त्या बाटल्या, ती भांडी तो ज्या जागी मांडत असे तिथंच राहत. भेटून आलेल्यांनी त्या बाटल्यांवर साचलेल्या धुळीबद्दल लिहून ठेवलंय. साहेब, तुमच्या घरात एखाद्या वस्तूवर महिनोन् महिने धूळ साचू देतील का? म्हणजे त्या घरातल्या तीन बायकांनी ती खोली त्याला किती पुरती दिली होती बघा. खोलीत पलंग होता म्हणून ती झोपायची खोली ठरत नाही. ती चित्राची खोली होती, तो तिच्यात झोपायचा.

माग्रितची गोष्ट तर तुमच्या बाजूची वाटते आणि आहेसुद्धा. ब्रुसेल्सजवळ जेट इथं १९३० ते १९५४ तो राहिला. मागच्या बागेत त्याचा स्टुडिओ होता, पण तो जाहिरातीच्या कामासाठी. आपली चित्रं तो जेवणाच्या खोलीत काढी. याचं मला नेहमी हसू येतं: पोटाच्या कामाला स्टुडिओ, आणि ज्याच्यासाठी जग त्याला ओळखतं ते काम स्वयंपाकघराला लागून. पण घरात नवरा-बायको दोघंच. पहाटे पाचला डबे नव्हते. डोंबिवलीच्या बाईंचं पत्र वर आहे, ते एकदा वाचा.

आपल्या जवळचं उदाहरण देते. चित्रकार वासुदेव गायतोंडे तुमच्या नागपूरचेच, जन्म १९२४. वाढले गिरगावच्या चाळीत. पुढं मुंबईत ब्रीच कँडीला समुद्राकाठी भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट होती, तिथं त्यांना काम करायला जागा मिळाली. हुसेन तिथं होते, प्रफुल्ला डहाणूकर होत्या. रविशंकरांचं किन्नर संगीत विद्यालय, अल्काझींची थिएटर युनिट ही नाट्यसंस्था त्याच आवारात. आता तिथं राहती इमारत उभी आहे. मी मुंबईत येईपर्यंत ते दिवस संपले होते. आमचे सर वर्गात त्याबद्दल बोलायला लागले की शिकवायचं राहून जायचं. कुणी कुणाकडून काय शिकलं हे ते सांगत नसत. कुणाच्या दाराशी उभं राहून सतारीचा रियाझ ऐकला, कुणाचं ओलं चित्र कुणाला जाता जाता दिसलं, असलंच सगळं.

पुढं १९७२ मध्ये गायतोंडे दिल्लीला गेले, निजामुद्दीनमध्ये बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहिले. तिथं राहणं आणि चित्र एकाच जागी. म्हणजे पुन्हा तुमचाच मुद्दा. पण तिथं दुसरं कुणी नव्हतं. वर्षाला मोजकीच चित्रं करणारा हा माणूस. बाकीचा वेळ तो काय करत असेल असं तुम्हाला वाटतं? बघत असेल. कोऱ्या कॅनव्हासकडं, अर्ध्याकडं. चौघांच्या घरात असं चार तास नुसतं बसून दाखवा, कुणीतरी ताप बघायला येईल.

आणि शिल्पकारांचं तर विचारूच नका. मातीचं काम अर्धं सोडायचं तर त्यावर ओलं फडकं, वर प्लॅस्टिक, आणि रोज शिंपण. ते उचलून पलंगाखाली जात नाही. तुम्ही कधी अलिबागकडं आलात तर सासवण्याला नानासाहेब करमरकरांचं घर बघा, आता ते शिल्पालय आहे. घरात, अंगणात, झाडाखाली शिल्पं. पुण्यातला १९२८ चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा याच माणसाचा. तेवढा घोडा कुठल्या झोपायच्या खोलीत उभा राहिला असता? जागा लहान असली की काम लहान होतं. वाईट होतं असं म्हणत नाही, पण चाळीतल्या चित्रकारांची चित्रं दोन फुटांच्या आत का असतात याचं कारण अनेकदा सौंदर्यशास्त्रात शोधलं जातं आणि असतं ते जिन्यात.

आम्ही तिघी मैत्रिणी पुण्यात मिळून एक जागा घेत आहोत. एक प्रिंट, म्हणजे छापचित्रं, करते, एक जलरंग, मी कापडावर काम करते. भांडणं होतील का?

होतील. आम्हीही तिघं होतो, मी आणि दोन पुरुष, त्यातला एक मातीत काम करणारा. त्याची धूळ माझ्या ओल्या वार्निशवर, माझ्या टर्पेंटाइनचा वास दुसऱ्याच्या दम्यावर. तुमच्यात जलरंगवाली आणि छापकामवाली यांच्यामध्ये पडदा नाही, भिंत घाला, प्लायची का होईना. शाईचा हात कागदाला लागला की मैत्री संपते. भाडं जागेप्रमाणे वाटा, समान नको. प्रेस असेल तिनं जास्त द्यावं. कपबश्या ज्याच्या त्यानं धुवायच्या. गाणी कानात घालून ऐकायची. हे सगळं पहिल्या महिन्यात ठरतंच.

एक नियम मात्र आम्हाला सहा वर्षांनी सुचला: विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या अर्ध्या कामावर बोलायचं नाही. "छान चाललंय" हेही नाही. छान म्हटलेला भाग माणूस पुढं पुसत नाही, आणि कधी कधी तोच पुसायचा असतो. आमच्यातल्या मातीवाल्यानं एकदा माझ्या चित्रातल्या पिवळ्याचं कौतुक केलं. तो पिवळा मी तीन महिने सांभाळला आणि त्याच्यापायी बाकीचं चित्र मेलं.

तळमजला घेत असाल तर नदीकडं बघून घ्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि आमच्या गाळ्यात मिठी नदीचं पाणी छातीएवढं आलं. मी तिसऱ्या दिवशी पोचले. बारा वर्षांचे कागद खालच्या फळीवर होते, कारण वजनदार वस्तू खाली ठेवावी हे मला शहाणपणाचं वाटलं होतं. कागदांचा लगदा होऊन तो ड्रॉवरमध्ये असा फुगला होता की ड्रॉवर फोडावे लागले. कॅनव्हासपैकी काही वाचले, पण मागून बुरशी. मातीवाल्याचं न भाजलेलं सगळं काम विरघळून जमिनीवर एकसारखा थर झाला होता. तो म्हणाला, "बघ, माती परत मिळाली," आणि मग बाहेर जाऊन बराच वेळ आला नाही. तेव्हापासून माझे कागद चार फुटांच्या वर असतात, आणि दर शनिवारी सगळ्या कामाचे फोटो काढून मुलाच्या संगणकावर जातात. तुम्ही पहिल्या दिवसापासून करा.

दोघी-तिघींचे पैसे पुरत नसतील तर मद्रासकडची चोळमंडलमची गोष्ट वाचा. के. सी. एस. पणिक्कर आणि त्यांच्याबरोबरच्या चित्रकारांनी १९६६ मध्ये समुद्राकाठी स्वतःचं कलाग्राम वसवलं, आणि त्यासाठी बाटिकसारखी (कापडावर मेण लावून रंगवायची) हस्तकला करून विकली. तुमच्यात कापडवाली आहेच.

मी १९ वर्षांची, रत्नागिरीला हॉस्टेलमध्ये राहते. खोलीत आम्ही तिघी. माझ्या वाट्याला पलंग आणि एक कपाट. आर्ट मास्टरचा अभ्यासक्रम करतेय. तुमच्यासारखा गाळा मला कधी मिळेल माहीत नाही. तोवर काय करू?

पलंगाची खालची उंची मोज. साधारण बारा-चौदा इंच असेल. दोन बाय तीन फुटांचं बारा एमएमचं प्लाय घे, कडा घासून घे, खाली चार चाकं लाव. चालू असलेला कागद त्यावर चिकटवायचा, तो संपेपर्यंत काढायचा नाही. रंगांची थाळी, पाण्याचं भांडं, चिंधी, सगळं त्याच प्लायवर, जिथं असेल तिथं. पाण्याचं भांडं झाकणाचं घे. काम थांबलं की आत ढकलायचं, सुचलं की बाहेर ओढायचं. मांडामांड नाही, आवराआवर नाही. पलंगावर पालथं पडून खाली वाकलीस तरी दिसेल असं, चादर त्या बाजूनं वर खोचून ठेव. मैत्रिणींना आधीच सांग की या फळीवर चहा ठेवायचा नाही. एकीनं तरी ठेवलाच तर रागावू नकोस, डाग वाळू दे आणि चार दिवस बघ त्याचं काय होतं ते.

चाकं रबराची घे. प्लॅस्टिकची रात्री फरशीवर फार वाजतात.